नव्या ईएल 34 ची वॉरंटी आणि पाच नंबरची पिन : माझा अनुभव

‘ट्यूब सदोष असल्याचा तांत्रिक पुरावा जोडावा.’ माझ्या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या चार नव्या ईएल 34 पॉवर ट्यूबांपैकी (व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे निर्वात नळ्या) एक बिघडली, आणि वॉरंटीच्या फॉर्ममधल्या या एका ओळीने वॉरंटीच्या 90 पैकी माझे 49 दिवस खाल्ले. मी प्लेट (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) लाल झाल्याचा फोटो पाठवला, मग व्हिडिओ पाठवला. दोन्ही वेळा विक्रेत्याचं उत्तर एकच : तुमचा अ‍ॅम्प्लिफायर तपासून घ्या. चिडचिड झाली, पण आता कबूल करतो की फोटो हा पुरावा नव्हताच. प्लेट लाल होते म्हणजे करंट जास्त वाहतोय, एवढंच कळतं. का वाहतोय ते कळत नाही. बायस (करंट आवरणाऱ्या ग्रिडवरचा ऋण व्होल्टेज) गेला, कपलिंग कॅपॅसिटर (आधीच्या टप्प्यातून ग्रिडला सिग्नल देणारा) गळायला लागला, सॉकेटची पाच नंबरची, म्हणजे ग्रिडची, पिन सैल झाली किंवा ट्यूबच बिघडली, तरी प्लेट तशीच लाल दिसते. फक्त कोणता पुरावा चालेल हे फॉर्मवरच छापायला काय हरकत होती?

बाकी सगळं सरळ झालं. चारचा मॅच्ड (सारखाच करंट घेणाऱ्या ट्यूबांचा) सेट मुंबईहून दोन दिवसांत नाशिकला आला, काच शाबूत, गेटरचा (उरलेला वायू शोषणाऱ्या थराचा) आरसा चकचकीत. (गेटर पांढरा पडलेला दिसला तर ट्यूब लावूच नका, आत हवा शिरलेली असते.) अ‍ॅम्प्लिफायर स्टिरिओ, पुश-पुल (प्रत्येक चॅनेलला दोन ट्यूबा), फिक्स्ड बायसचा (बायस वेगळ्या पुरवठ्यातून). प्रत्येक कॅथोडखाली (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) 10 ओमचा 1 टक्केवाला रेझिस्टर. बी प्लस, म्हणजे प्लेटचा पुरवठा, 450 व्होल्ट. ईएल 34 ची प्लेट 25 वॉट सोसणारी. त्याच्या 70 टक्के म्हणजे 17.5 वॉट, म्हणजे प्लेटला साधारण 39 मिलिअँपिअर. मी थोडं खाली, 36 वर ठेवतो. कॅथोडमधून स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) करंटही जातो, म्हणून 10 ओमवर 0.40 व्होल्ट दिसला की पुरे. पहिली दहा मिनिटं चारही ट्यूबा 0.39 ते 0.41 मध्ये होत्या.

विसाव्या मिनिटाला तिसऱ्या ट्यूबचा आकडा हलायला लागला. चाळिसाव्या मिनिटाला 0.54, तासाभरात 0.66. म्हणजे प्लेटवर 26 वॉटच्या पुढे, आणि मग ती लाली. बायसचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) खाली केला की तात्पुरतं ठीक, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नव्या बनावटीच्या पॉवर ट्यूबांची खरी कमजोरी इथे असते. निर्वात नीट झालेला नसतो, किंवा आतले धातूचे भाग तापवून त्यांच्यातला वायू पुरेसा काढलेला नसतो. तापल्यावर तो वायू सुटतो, त्याचे आयन ऋण ग्रिडकडे धावतात. दुसरा प्रकार म्हणजे कॅथोडवरचं बेरिअम उडून ग्रिडच्या तारेवर बसतं आणि गरम ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडायला लागते. दोन्हींचा परिणाम एकच, ग्रिड कमी ऋण होते. करंट वाढतो, ट्यूब आणखी तापते, वायू आणखी सुटतो. थंड ट्यूबवर पाच मिनिटांत घेतलेलं टेस्टरचं रीडिंग म्हणूनच फसवं. डब्यावरचा ‘मॅच्ड’ शिक्का बहुतेकदा असल्याच रीडिंगवर मारलेला असतो, तोही कमी प्लेट व्होल्टेजवर.

पुरावा मिळतो ग्रिड लीक रेझिस्टरवर, म्हणजे ग्रिडला बायस पोचवणाऱ्या रेझिस्टरवर. माझ्याकडे तो 220 किलोओमचा आहे. मल्टीमीटरची लाल तार पाच नंबरच्या पिनला, काळी तार रेझिस्टरच्या बायस पुरवठ्याकडच्या टोकाला. मीटर बॅटरीचा, 10 मेगओम इनपुटचा असावा. लाल तारेच्या टोकाशी 100 किलोओमचा रेझिस्टर जोडून मग क्लिप लावा, नाहीतर लांब तारेमुळे ट्यूब ऑसिलेट होऊन (स्वतःच सिग्नल निर्माण करून) वेगळंच काहीतरी दिसेल. त्याने रीडिंगमध्ये एक टक्का फरक पडतो, तो सोडून द्या. क्लिपा अ‍ॅम्प्लिफायर बंद असतानाच लावायच्या.

माझ्या तीन चांगल्या ट्यूबांवर तासाभराने 15 ते 30 मिलिव्होल्ट होते, म्हणजे ग्रिड करंट 0.1 मायक्रोअँपिअरच्या आसपास. तिसरीवर चाळीस मिनिटांनी 1.9 व्होल्ट आणि तासाला 3.4 व्होल्ट. 3.4 भागिले 220 किलोओम, 15 मायक्रोअँपिअर. असा हिशेब करून आकडा पाठवला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं : कपलिंग कॅपॅसिटर गळत असेल.

शंका खोटी म्हणता येत नाही, कारण गळका कॅपॅसिटरही ग्रिडला तसाच धन बाजूला ओढतो. पण वेगळं करणं सोपं आहे. बंद करून, थंड होऊ देऊन त्या चॅनेलच्या दोन्ही ट्यूबा काढायच्या, पुन्हा चालू करायचं आणि त्याच रेझिस्टरवर बघायचं. बी प्लस वीस-पंचवीस व्होल्टने चढतो, फिल्टर कॅपॅसिटर तेवढं सोसणारे आहेत ना ते आधी पाहा. रीडिंग टिकलं तर दोष कॅपॅसिटरचा, शून्यावर आलं तर ट्यूबचा. माझं अर्धा तास 2 मिलिव्होल्टच्या आत. शिवाय तिसरी ट्यूब पहिल्या सॉकेटला लावली, तर दोष तिच्याबरोबर गेला. तिसऱ्या सॉकेटवरची ट्यूब शांत.

त्यावर पुढचं उत्तर : मेन्स (घरातल्या विजेचा व्होल्टेज) जास्त असेल.

आणि इथे, नाइलाजाने सांगतो, अर्धा मुद्दा त्यांचा बरोबर निघाला. आमच्याकडे रात्री अकरानंतर मीटरवर 246 व्होल्ट दिसतात, आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी 220 व्होल्टच्या टॅपवर (त्या व्होल्टेजसाठीच्या टोकावर) होती. 6.3 व्होल्टचा हीटर (कॅथोड तापवणारी तार) 7 व्होल्टच्या वर चालला होता; 10 टक्क्यांची मर्यादा 6.93. जास्त तापलेला कॅथोड बेरिअम लवकर उडवतो. 240 च्या टॅपवर जोडलं, हीटर 6.45 वर आला. वर लिहिलेला 450 चा बी प्लस आणि सगळी रीडिंग या बदलानंतरची आहेत. आधीची पुन्हा घ्यावी लागली. सातपूरच्या एका वाइंडिंगवाल्याकडून डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) उसना आणून 225 व्होल्टवरही तासभर चालवलं. तिसरी ट्यूब तिथेही चढली, थोडी सावकाश. तीही रीडिंग पाठवली. मग मात्र प्रश्न संपले.

हे वर सांगायला हवं होतं : आत 450 व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतात. 10 किलोओम, 10 वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावून डिस्चार्ज करा, मीटरने खात्री करा, एक हात खिशात ठेवा. स्पीकर किंवा 8 ओमचा डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा रेझिस्टर) जोडल्याशिवाय सिग्नल देऊ नका.

ब्रँड कोणता, हे मला सारखं विचारलं जातं. नावं पुष्कळ, कारखाने मोजके. नव्या ट्यूबा मुख्यतः रशियातल्या सारातोव्ह, स्लोव्हाकियातल्या चाडत्सा आणि चीनमधून येतात. टंग-सोल, मुलार्ड, गोल्ड लायन ही जुनी नावं आज सारातोव्हच्याच मालावर छापली जातात; इंग्लंडमधल्या जुन्या ब्लॅकबर्न कारखान्याच्या मुलार्डशी नावापलीकडे नातं नाही. त्यामुळे नावाला जास्त पैसे देण्यापेक्षा तासभर गरम करून घेतलेलं रीडिंग देणारा विक्रेता शोधा.

आणखी आठवलं तसं. प्रत्येक स्क्रीनला 1 किलोओम, 5 वॉटचा रेझिस्टर नसेल तर घाला. नव्या ट्यूबांच्या स्क्रीन फार सहन करत नाहीत. सॉकेटच्या पिना पावसाळ्यात काळ्या पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून किंचित आवळा. ट्यूबची पिन पोकळ असते आणि टोकाचं सोल्डरिंग कच्चं असू शकतं. ट्यूब थंड असताना टोकाला थोडं सोल्डर दिलं तर रुसलेली ट्यूब कधीकधी सुधारते, पण वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका, तेच कारण पुढे करतील. 10 ओमचा 1 टक्केवाला रेझिस्टर मला नाशिकच्या एम.जी. रोडवर मिळाला नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणावा लागला. काही ईसीसी 83 (सिग्नलच्या छोट्या ट्यूबा) चालू करताना हीटरचं टोक क्षणभर लख्ख चमकतं. तो दोष नाही, तक्रार करून दिवस घालवू नका.

आणि ट्यूब आल्या दिवशी चारहींवर मार्करने नंबर टाका. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास चालवून प्रत्येकीचा कॅथोडचा आणि ग्रिड लीकचा आकडा 10, 30 आणि 60 मिनिटांना वहीत लिहा. मी हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर फोटो-व्हिडिओचे तीन आठवडे वाचले असते.

बदली ट्यूब 71 व्या दिवशी आली. जुन्या तिघींच्या जोडीची, 0.40 वर बसणारी. तासाभराने ग्रिड लीकवर 24 मिलिव्होल्ट. परत पाठवायच्या कुरिअरचे पैसे मात्र मीच भरले. ते फॉर्मच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.