काळी पडलेली पट्टी

चोपडा तालुक्यातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी मंगळावरच्या स्थानिक साधनांतून रॉकेटचे इंधन तयार करण्याचा विषय निवडला. परतीचे इंधन पृथ्वीवरून वाहून नेणे फार महाग पडते. चार अंतराळवीरांना मंगळावरून उड्डाण करायचे, तर सुमारे 7 टन इंधन आणि 25 टन ऑक्सिजन लागेल, असा नासाचा अंदाज आहे. मंगळाच्या विरळ हवेत मात्र सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तापलेल्या निकेलवर त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवला की मिथेन, म्हणजेच हवे असलेले इंधन, आणि पाणी मिळते. ही अभिक्रिया पॉल साबातिये यांची, ज्यांना 1912 चे नोबेल मिळाले. वनस्पती तूप करताना तेल घट्ट करण्याची रीतही त्यांच्याच निकेलवरील कामातून निघाली.

‘स्थानिक साधने’ हा शब्द मुलांनी मनावर घेतला होता. बाजारात नाकारलेली, काळवंडलेली केळी पिंपात कुजवून त्यांनी कार्बन डायऑक्साइड मिळवला, तर हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनातून घेतला. एप्रिलमधल्या त्या दुपारी बाहेर ऊन रणरणत होते आणि आत नळीभट्टी 350 अंशांवर होती. नळीतील हवा पूर्ण निघून गेल्याची खात्री होईपर्यंत मी कोणालाही जवळ येऊ दिले नाही, कारण हायड्रोजनच्या बाबतीत घाईला माफी नसते.

बर्फात ठेवलेल्या यू-नळीत पाण्याचे थेंब जमू लागले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण वीसेक मिनिटांत थेंब येणे थांबले. तापमान तेच होते, वायूंचा प्रवाह तोच होता, कार्बन डायऑक्साइड एकास हायड्रोजन चार हे प्रमाणही बिघडलेले नव्हते. आम्ही तासभर जोड तपासत राहिलो. शेवटी आमचे प्रयोगशाळा परिचर, जे स्वतः केळीचे शेतकरी आहेत, पिंपाजवळून जाताना थबकले आणि सडक्या अंड्यासारखा वास येत असल्याचे त्यांनी अहिराणीत सांगितले. मी लेड ॲसिटेटची ओली पट्टी, जी हायड्रोजन सल्फाइड लागला की काळी पडते, हायड्रोजनच्या तोंडाशी धरली. ती पांढरीच राहिली. पिंपातून येणाऱ्या वायूत धरली, तर कडेपासून तपकिरी होत काही क्षणांत काळी पडली. कुजणाऱ्या केळ्यांमधून हायड्रोजन सल्फाइड येत होता आणि त्यातील गंधक निकेलच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करत होते.

जागेवर मिळणारा कच्चा माल फुकट असतो, पण शुद्ध नसतो, हे त्या पट्टीने मुलांना माझ्या वर्षभराच्या तासांपेक्षा स्पष्ट दाखवले. मंगळावरची अडचण गंधकाची नसून मुख्यतः बारीक धुळीची आणि मातीतल्या परक्लोरेट या क्लोरिनयुक्त क्षारांची आहे. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरील गाडीवर मॉक्सी हे तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढणारे उपकरण होते; त्यातही हवा आधी गाळणीतून घ्यावी लागली. 20 एप्रिल 2021 रोजी त्याने पहिल्यांदा ऑक्सिजन तयार केला आणि 2023 पर्यंतच्या 16 प्रयोगांत मिळून 122 ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी हायड्रोजन सल्फाइड अडवण्यासाठी पिंपातला वायू मोरचुदाच्या द्रावणातून धुऊन घेतला आणि निकेल नवे भरले. थेंब दुपारभर येत राहिले. निघणारा वायू आधी कॉस्टिक सोड्यातून नेऊन उरलेला कार्बन डायऑक्साइड काढला, मग पेटवला, कारण नुसता हायड्रोजनही जळतोच. ज्योतीवर पालथा धरलेल्या चंचुपात्रात चुन्याची निवळी घालून हलवली, ती दुधाळ झाली. म्हणजे जळणाऱ्या वायूत कार्बन होता, मिथेन बनला होता.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने वहीतला हिशोब दाखवला. मिळालेल्या पाण्याचे पुन्हा अपघटन केले तर 1 किलो मिथेनमागे 2 किलोच ऑक्सिजन मिळतो. इंजिनाला साधारण साडेतीन किलो लागतो. “सर, उरलेला कुठून आणायचा?” मी म्हणालो, “त्याच हवेतून, मॉक्सीसारखा.” तिने ती ओळ लिहून घेतली आणि खाली काळी पट्टी चिकटवली.