मॉरिशसच्या अंगणातील बशा

मॉरिशसमध्ये आम्ही एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो. तेथील आजी कुंड्यांखालच्या बशा नेमाने पालथ्या करीत, आणि २००६ मध्ये चिकुनगुनियाने आपले सांधे कसे कित्येक महिने धरले होते, हे त्यांनी सांगितले तेव्हा त्या नेमामागचे कारण मला उमगले. त्याच साथीत शेजारच्या रियुनियन बेटावरील सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडले होते. हा विषाणू तेथे पसरवणारा पट्टेरी एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्यापुढे अपुरी पडते.

हिवतापाचा इतिहास याहून जुना आणि भीषण आहे. १८६७ च्या साथीत येथे हजारो माणसे दगावली, त्यांत उसाच्या मळ्यांवर आणलेले भारतीय मजूरही होते. १९७३ मध्ये हिवतापमुक्त ठरलेल्या या बेटावर १९७५ च्या चक्रीवादळानंतर तो परतला आणि पुन्हा हटवायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

आज मला डेंग्यूची काळजी अधिक वाटते. तेथून परतल्यावर ताप आल्यास ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, आणि डॉक्टरांना प्रवासाविषयी आवर्जून सांगावे.