तुम्ही विचारलंत म्हणून: "मध्येच बंद पडत नाही का हो?"

पेट्रोल पंपावर माझी जुनी इटालियन मोटरसायकल उभी केली की दोन मिनिटांत कोणीतरी जवळ येतं. आधी गाडीभोवती एक फेरी होते. मग कमरेवर हात ठेवलेल्या माणसाच्या कोपरांसारखे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते दोन सिलिंडर न्याहाळून होतात. मग ठरलेले प्रश्न: कुठली, किती जुनी, किती पळते. आणि सगळ्यात शेवटी, आजाऱ्याच्या घरच्यांकडे चौकशी करावी तशा आवाजात, "मध्येच बंद पडत नाही का हो?"

पंपावर मागचे लोक हॉर्न मारत असताना याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून ते सवडीने लिहितोय.

पडते. गाडी आहे मोटो गुत्सी ८५० टी३. (आपल्याकडे 'गुझ्झी' लिहितात, इटालियन माणूस 'गुत्सी' म्हणतो. मी दोन्हींना ओ देतो.) हे मॉडेल १९७५ साली आलं. माझ्याकडे ती नऊ वर्षं आहे आणि या नऊ वर्षांत तीनदा टेम्पोत घालून घरी आणावी लागली. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून अर्ध्या तासात सुरू केली, ते यात धरलेलं नाही. ते धरायचं नसतं, असा आम्हा जुन्या गाड्यावाल्यांचा आपापसातला ठराव आहे.

आता त्या तीन वेळांबद्दल. एकदा आधीच्या मालकाचा प्रताप होता, दोनदा माझा. गाडीचा एकदाही नाही.

इटालियन गाड्या म्हणजे लहरी, दिसायला देखण्या आणि भरवशाला शून्य, असं लोक धरूनच चालतात. निदान माझ्या गाडीच्या घराण्याला तरी हे लागू होत नाही. ज्या व्ही७ पासून हे इंजिन आलं, ती १९६७ मध्ये विकायला निघाली तेव्हा तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून इटलीचे पोलीस डोळ्यांसमोर होते. पोलिसांना देखणेपण नको होतं. दिवसभर चालणारी, संध्याकाळी कोणीही दुरुस्त करू शकेल अशी गाडी हवी होती. जुलिओ चेझारे कारकानो या इंजिनिअरने तसंच इंजिन दिलं: नव्वद अंशांत दोन सिलिंडर, दोन्ही वाऱ्यावर थंड होणारे, आणि मागचं चाक फिरवायला चेनच्या जागी शाफ्ट. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनीसुद्धा या गाड्या वापरल्या. पोलीस खात्यात लहरीपणा कोण खपवून घेईल?

मग गाड्या बिघडतात कशाने? हातांनी. पन्नास वर्षांत पाच-सहा मालक होतात आणि प्रत्येक जण आपली अक्कल गाडीत ठेवून जातो. माझ्या गाडीचं वायरिंग उघडलं तेव्हा त्यात थर सापडले. सगळ्यात खाली कारखान्याचं, रंगांची शिस्त पाळणारं. त्यावर कोणीतरी केलेलं, सगळं एकाच काळ्या वायरीत. त्याच्यावर एका हौशी माणसाचं, जिथे दोन वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आता सगळ्यात वर माझा थर आहे. पुढचा मालक मला काय म्हणेल, याचा विचार मी करत नाही.

पहिल्यांदा टेम्पो मागवला तो या हौशी माणसामुळेच. लक्षण मोठं विचित्र होतं. मोकळ्या रस्त्यावर गाडी दिवसभर चालली तरी काही होत नसे. गर्दीत तास-दीड तास रांगत गेलं की बॅटरी उतरायची. मी बॅटरी बदलली. मग वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची डायोडची पाटी बदलली. ब्रश तपासले, ते ठणठणीत. शेवटी एका गर्दीच्या रस्त्यावर, सिग्नलला, दिवे पिवळे पिवळे होत गाडी विझली. 'बंद पडली' नव्हे, विझली.

दोष होता मीटरमधल्या लाल दिव्यात. चार्जिंगचा तो दिवा आपण सूचनेचा दिवा समजतो, पण त्याला खरं कामही आहे. या गाडीचा बॉशचा अल्टरनेटर स्वतःहून जागा होत नाही. इंजिन सुरू होताना त्याच्या आतल्या फिरत्या भागाला, रोटरला, थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो आणि तो करंट त्या लाल दिव्यातून जातो. दिवा जेमतेम तीन वॅटचा, म्हणजे पाव अँपिअर. तेवढं पुरतं. आमच्या हौशी पूर्वजाने 'सुधारणा' म्हणून तिथे एलईडी बसवला होता. एलईडी दिसायला झकास, पण त्यातून करंट जाणार तो नावालाच. त्यामुळे अल्टरनेटर जागा व्हायचा तो इंजिन वरच्या फेऱ्यांत गेल्यावर. मोकळ्या रस्त्यावर ठीक, गर्दीत झोपलेला. मी साधा बल्ब लावला. पंचवीस मिनिटांचं काम, त्यातली वीस मिनिटं मीटरचं झाकण काढण्यात गेली. नवी बॅटरी आणि डायोडची नवी पाटी घेतली ती मात्र फुकट गेली.

या अल्टरनेटरच्या जागेचीही एक गोष्ट आहे, राहवत नाही म्हणून सांगतो. पहिल्या व्ही७ मध्ये दोन सिलिंडरांच्या बेचक्यात, वरती, पट्ट्यावर चालणारा डायनामो होता. कारकानो कंपनी सोडून गेल्यावर आलेल्या इंजिनिअर लीनो तोंतीला बसकी, वळणांत पळणारी गाडी करायची होती आणि हा डायनामो नेमका फ्रेमच्या वाटेत येत होता. त्याने तो काढला आणि अल्टरनेटर क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर, गोल झाकणाखाली नेऊन ठेवला. बेचक्यातून फ्रेमच्या नळ्या सरळ गेल्या, गाडी खाली आली, आणि १९७१ ची व्ही७ स्पोर्ट तयार झाली. शिवाय त्या फ्रेमच्या खालच्या दोन्ही नळ्या बोल्टवर आहेत. त्या सोडवल्या की इंजिन खालून मोकळं होतं. दुरुस्त करणाऱ्याचा विचार कागदावरच झालेला होता. माझ्या टी३ ची फ्रेमही तीच.

दुसऱ्यांदा गाडी थांबली ती माझ्या आळसाने. इग्निशनला पॉइंट आहेत, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे स्विच, दोन सिलिंडरांचे दोन. पॉइंटची एक टाच असते, ती कॅमवर घासत फिरते. तिथे ग्रीसचा एक ठिपका लागतो, तांदळाच्या दाण्याएवढा. मी तो दोन मोसम लावला नाही. टाच झिजली, पॉइंटमधली फट मिटत गेली, ठिणगीचं टायमिंग मागे पडत गेलं. पिकअप हळूहळू कमी होत होता आणि मी स्वतःला सांगत होतो की पेट्रोल खराब आलंय. घाटाच्या मध्यावर उजवा सिलिंडर मुका झाला आणि एका पायावर लंगडत गेलेली गाडी पुढच्या वळणावर बसली.

तिसऱ्या वेळेबद्दल फार बोलत नाही. पेट्रोल संपलं होतं. टाकीत आहे अशी माझी ठाम समजूत होती, म्हणून मी कार्ब्युरेटर खोलला आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, गवतात पाडला. नंतर बाटलीभर पेट्रोल मिळालं, जेट मिळाला नाही.

आता देखभालीचं. लोकांना वाटतं, मी सगळे रविवार गाडीखाली घालवतो. खरं तर या गाडीचं टॅपेटचं काम, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधली फट मोजून लावणं, एवढं सोपं आहे की ते मी मुद्दाम सावकाश करतो. सिलिंडर बाहेरच आलेले, त्यामुळे टाकी काढायला नको की सीट उचलायला नको. स्टूल घेऊन शेजारी बसायचं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणावरचं, बेल हाउसिंगवरचं, रबरी बूच काढलं की आत फ्लायव्हील दिसतं. प्लग काढून, वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं आणि त्या भोकात अक्षर यायची वाट बघायची. 'एस' आला की सिनिस्त्रा, डावा. 'डी' आला की देस्त्रा, उजवा. पन्नास वर्षांपूर्वी कोमो सरोवराकाठी मांदेल्लोच्या कारखान्यात कोणीतरी ठोकलेली ही दोन अक्षरं बॅटरीच्या उजेडात अजून वाचता येतात. मग ०.२२ मिलिमीटर जाडीची मापाची पाती व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक आणि रॉकर यांच्यामध्ये सरकवायची. ती लोण्यातून जाऊ नये आणि अडकूही नये. वहीच्या दोन पानांमधून एक पान ओढून घेताना जेवढं लागतं, तेवढं लागायला हवं. नट आवळताना फट बदलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. इथेच नवशिके चुकतात. मीही चुकायचो.

ऑइल बदलणं मात्र किचकट. फिल्टर तळाच्या पॅनच्या आत दडवलेला आहे, त्यासाठी अख्खं पॅन उतरवावं लागतं. शिवाय सगळी आवरणं अॅल्युमिनिअमची. जोर लावला की आटे जातात. टॉर्क रेंच नसेल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका, एवढंच सांगतो.

माझ्या एका मित्राकडे कॅम बेव्हल गिअरने फिरवणारी जुनी इटालियन ड्युकाटी आहे, डेस्मो. त्याच्या पुढे माझं काम म्हणजे अंगणवाडी. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅमने उघडतो आणि स्प्रिंगने मिटतो. ड्युकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांच्या डेस्मोत मिटण्यासाठीही वेगळा कॅम आणि वेगळा रॉकर. उघडायची फट वेगळी, मिटायची वेगळी, आणि दोन्हींना मोजून घातलेल्या शिम, म्हणजे फट भरणारे धातूचे छोटे तुकडे. शिम बदलायची तर खोलायचं, मोजायचं, घासायची किंवा दुसरी घालायची, पुन्हा जोडून मोजायचं. तो शनिवारी सकाळी बसतो आणि मावळतीला उठतो. पण ते इंजिन एकदा जमलं की जो आवाज काढतं, तो ऐकून मी दरवेळी घरी जाऊन माझ्या गाडीची माफी मागतो. १९७२ च्या इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रुनो स्पाज्जारी यांनी याच जातीच्या ७५० गाड्यांवर पहिला आणि दुसरा नंबर काढला. तो मित्र ही गोष्ट जेवताना, गाडी धुताना आणि शिम घासताना सांगतो.

घ्यायचीच असेल तर माझा सल्ला उलटा आहे: चकचकीत गाडी घेऊ नका, चालती घ्या. दहा वर्षं उभी असलेली गाडी बाहेरून कितीही सुंदर असो, आत सील वाळलेली असतात, टाकीला गंज असतो, ब्रेकचे पिस्टन धरलेले असतात. आणि त्या काळची गुत्सी असेल तर सिलिंडर क्रोमचे आहेत की नंतर बदललेत, हे पहिलं विचारा. आतलं क्रोम पापुद्र्यासारखं सुटतं आणि ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खातं.

चालवायला ती कशी, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. उभी असताना रेस दिली की गाडी उजवीकडे कलते. क्रँक लांबीत फिरतो, त्याची ती हिसक आहे. पहिल्यांदा बसणारा दचकतो. गिअर घाईने टाकलात तर खाडकन आवाज करून ती नापसंती कळवते. क्लच मोटारीसारखा कोरडा, फ्लायव्हील जड, त्यामुळे दोन गिअरांमध्ये एक श्वास घ्यावा लागतो. वळणाच्या मध्ये थ्रॉटल सोडायचं नाही, सोडलंत तर शाफ्टमुळे मागची बाजू खाली बसते. ब्रेकही वेगळे: पायाने दाबलं की मागची आणि पुढची डावी डिस्क एकदम लागते, हाताच्या लिव्हरला फक्त पुढची उजवी. ओल्या रस्त्यावर याने मला दोनदा तरी वाचवलंय. बाजूचा स्टँड मात्र शत्रू आहे. भार जरा हलला की स्प्रिंगने आपोआप वर जातो. म्हणून कोणी "जरा बसून बघू का?" म्हटलं की मी आधी हँडल धरतो.

परवा पंपावर एक काका भेटले. फेरी, कोपरं, किती पळते, सगळं झालं. मग तो प्रश्न आला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "छे, काका, व्यवस्थित ठेवली तर काही होत नाही." किल्ली फिरवली. मीटरमध्ये एकही दिवा नाही. सेल्फ दाबला, टिक्‌ सुद्धा नाही. काकांनी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला.

मी बाजूचं झाकण काढलं. जुने टोकदार फ्यूज नुसत्या पत्र्याच्या चिमट्यात बसतात आणि चिमटे काळवंडले की करंट अडतो. दुसरा फ्यूज बोटांच्या चिमटीत धरून जागच्या जागी दोनदा फिरवला. लाल दिवा लागला.

"झाली का दुरुस्त?" काका म्हणाले.

"ही दुरुस्ती नाही," मी म्हणालो. "हे धरायचं नसतं."