सगळ्यात मागे आबा

पहाटे पावणेपाचला एसटीने आम्हाला खुबी फाट्यावर उतरवलं आणि ती आळेफाट्याच्या दिशेने निघून गेली. डिसेंबरातला माळशेजचा वारा, हातात विजेऱ्या, आणि समोर पिंपळगाव जोगा धरणाची लांबलचक भिंत. बाबा, आत्या, चुलतभाऊ, वहिनी, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा आणि मी असे सहाजण होतो. चालायला लागल्यावर कोणीच सगळ्यांत मागे राहीना. ती जागा कायम आबांची होती.

आबा माझे आजोबा. मूळचे जुन्नर तालुक्यातले, पण उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तो आबांच्या लेखी कधी संपलाच नाही. गिरणीचं फाटक त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. वर्षातून दोनदा, एकदा पावसात आणि एकदा थंडीत, ते आम्हा सगळ्यांना घेऊन हरिश्चंद्रगडावर जायचे. शेवटच्या लोकलने कल्याण, तिथून रात्रीची एसटी. चुलत, मावस, आते, जे पोर चालू शकतं ते बरोबर. आजीसुद्धा यायची, नऊवारी खोचून. एकटे मात्र आबा कधीच गेले नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "एकट्यानं काय बघायचं? घरी येऊन सांगणार किती?"

खिरेश्वरला पोचलो तेव्हा उजाडलं होतं. नागेश्वराच्या देवळात टेकलो, आजीने बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा खाल्ला. गावापासून टोलार खिंडीपर्यंतची वाट रानातून जाते आणि दोन्ही बाजूंना कारवी उभी असते. आमच्या गावच्या जुन्या घराच्या भिंती याच कारवीच्या कुडाच्या होत्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग बी टाकून वाळते. आबा वयं कारवीत मोजायचे. "ही एका कारवीची, थोरला दोन कारव्यांचा." आठ वर्षांचा पुतण्या हे ऐकून खूश झाला. खिंडीपर्यंत त्याने स्वतःला, आईला, बापाला आणि आत्याआजीला कारवीत मोजून काढलं.

टोलार खिंडीत वाघाचं एक जुनं शिल्प आहे. तिथे आबा डोकी मोजायचे. आवाज खणखणीत, कारण साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं बोलून गिरणीतल्या माणसांना हळू बोलता येतच नाही. त्याच खडखडाटाने त्यांचा डावा कान गेला होता. पावसाळ्यात या रानात शीळकरी कस्तूर गातो, अगदी एखादा पोरगा वाट चुकून शीळ घालत फिरत असावा तसा. आबा थांबून विचारायचे, "वाजतोय का?" आम्ही हो म्हणायचो. मग ते उजवा कान त्या बाजूला करायचे आणि ऐकू येईपर्यंत कोणाला हलू द्यायचे नाहीत. मला आजही ती शीळ ऐकली की आधी त्यांची वळलेली मान दिसते. या खेपेला कस्तूर नव्हता, त्याचे दिवस नव्हते. बाबा मात्र त्या वळणावर थांबले होते. आम्हीही थांबलो.

खिंडीनंतर कातळाचा टप्पा. आता तिथे धरायला लोखंडी कठडे आहेत. तो चढून गेलं की गड आला असं वाटतं, आणि तिथेच नवखा माणूस खचतो, कारण पुढे एकामागून एक टेकड्या सुरू होतात. बहुतेक लोक मुलांना "आलंच आता" सांगून ओढत नेतात. आबा कधी तसं बोलले नाहीत. "अजून पाच टेपाडं. दोनानंतर बसू." लहान मुलाला खरं अंतर सांगितलं की ते चालतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला आजही शंभर टक्के पटतं. पुतण्याने विचारलं तेव्हा वहिनी "आलंच" म्हणाली. मी म्हटलं, "नाही रे, अजून चार." त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चालताना केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यांच्या मागे आहे. ठरवून नव्हते आले. त्याची बुटाची नाडी बांधायला थांबले, आणि मग तिथेच राहिले.

वर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर नेहमीसारखंच ऊन खात उभं होतं. त्याच्या कोरीव कामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. आबांचा जीव केदारेश्वराच्या गुहेत. मधोमध भलंमोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. लोक म्हणतात चार खांब म्हणजे चार युगं, उरलेलं कलियुग. आबा त्या पाण्यात उतरून, एकेका नातवंडाला खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घालायचे. पाच नातवंडं म्हणजे पाच प्रदक्षिणा. बाहेर येईपर्यंत पाय निळे पडलेले असायचे आणि आजी टॉवेल घेऊन, तोंडाचा पट्टा चालू ठेवून उभी. यंदा चुलतभाऊ मुलाला खांद्यावर घेऊन उतरला. अर्ध्यात गारठून ओरडला, पण फेरी पूर्ण केली.

मग कोकणकडा.

पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला तो अर्धगोल, आत वळलेला कातळ. वारा खालून वर येतो. हलकं पान टाकलं तर परत तोंडावर. इंग्रजांच्या काळात कर्नल साइक्स या अधिकाऱ्याला इथे धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, ते इंद्रवज्र. पाठीशी सकाळचं ऊन आणि समोर खाली धुकं असलं की दिसतं, आणि वर्तुळ ज्याला त्याला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. हे मी कॉलेजात वाचून आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. सगळ्यांना मिळून दिसंल असं काहीतरी बघू."

कड्यावरचा त्यांचा नियम एकच. उभं राहून वाकायचं नाही. पालथं झोपायचं, सरपटत टोकाशी जायचं आणि आबा मागून दोन्ही घोटे धरणार. एका वेळी एकच पोर. त्यांचे हात खरखरीत होते, आणि पकड इतकी घट्ट की खालचं बेलपाडा गाव, भाताची खाचरं, घिरट्या घालणाऱ्या घारींच्या पाठी, सगळं मी न घाबरता पाहिलं. घार वरून बघायला मिळते हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

पुतण्या पालथा झाला. बाबांचे गुडघे दुखत होते, भाऊ अजून थरथरत होता, म्हणून मी मागे बसले आणि त्याचे घोटे धरले. तो पुढे सरकला. घारी दिसल्यावर त्याने मोठ्याने हाक मारली.

मला मात्र कडा दिसत नव्हता, कोकण दिसत नव्हतं. दिसत होते ते त्याच्या बुटांचे तळवे. उजव्याच्या खाचेत कारवीचं एक वाळकं पान अडकलेलं, डाव्याची नाडी पुन्हा सुटलेली.

"आत्या, तुला दिसतंय का?" त्याने विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं. "तू बघ निवांत. मी धरलंय."