करवतीनं खाल्लेलं

रविवार, रात्री पावणेबारा

आज झाकूच्या, म्हणजे गुंडाम या जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाच्या प्लास्टिक मॉडेलच्या, मांड्या कापल्या. कापायच्या आधी तासभर नुसताच बघत बसलो होतो. किट 1/144 मापाचं. मूळ मालिकेत हा यंत्रमानव साडेसतरा मीटर उंच, म्हणजे माझ्या टेबलावर जेमतेम बारा सेंटिमीटर. पाय आखूड वाटतात म्हणून प्रत्येक मांडीत तीन मिलिमीटर वाढवायचं ठरवलं होतं. खऱ्या झाकूच्या हिशोबात ते त्रेचाळीस सेंटिमीटर झाले!

हॅकसॉचं ब्लेड हातात धरून दोन्ही मांड्या आडव्या कापल्या. एक मिलिमीटरच्या स्टायरीन प्लास्टिकच्या शीटचे तीन तीन तुकडे मध्ये चिकटवले. फटी बुजवायला रनरचे, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिचे, उरलेले हिरवे तुकडे प्लास्टिक सिमेंट नावाच्या गोंदात विरघळवले. ही लापशी वाळली की रंगसुद्धा जुळतो. मग 400 आणि 600 चा पॉलिश पेपर. पाय जोडून उभा केला, तर गडी डावीकडे कलला.

बाबा पाणी प्यायला उठले होते. चाळीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये डाय फिटर, म्हणजे साचे जुळवणारे. हे किट घरी आलं त्या दिवशी त्यांनी फक्त रनर बघितला होता. एकाच चौकटीत वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक, आणि भाग गोंदाशिवाय एकमेकांत बसतात. 1980 साली बांडाई कंपनीनं ही गुंडामची किट्स काढली तेव्हा ती चिकटवावी लागायची, हे मी सांगत होतो. त्यांचं लक्षच नव्हतं. "गेट बघ कुठं दिलंय," एवढंच म्हणाले. गेट म्हणजे भाग चौकटीला जिथं जोडलेला असतो ते टोक.

आज त्यांनी दोन्ही मांड्या व्हर्नियरमध्ये धरल्या.

"किती वाढवायचं होतं?"

"तीन."

"उजवी दोननं वाढलीय, डावी एक पॉइंट सहानं. करवतीनं खाल्लेलं धरलंस का?"

नव्हतं धरलं. ब्लेड जाडीएवढं तरी मटेरियल खातं, हे तोंडपाठ असायला हवं होतं. या घरात वाढलोय मी. त्यातच डाव्या मांडीवर हात तिरका गेला, तिथं जास्तच खाल्लं.

"अरे, मग पॅकिंग लाव. उजवीला एक, डावीला एक पॉइंट चार. आणि कानस अशी पुढं-मागं घासू नकोस. पुढं जाताना कापते ती, मागं येताना उचलायची."

कमरेच्या पाइपांबद्दल त्यांना सांगितलंच नाही. बॉलपेनची स्प्रिंग दाबून बसवली होती, ती दोनदा उडाली. दुसऱ्यांदा थेट देवघरात. शेवटी आत सोल्डरची तार घातली, तेव्हा वाकवलेली वाकलेली राहिली. ती मात्र झकास दिसतेय. सगळ्या दिवसातलं मनासारखं झालेलं काम तेवढंच.

0.4 ची शीट माझ्याकडे नाही. 0.5 ची आहे, ती घासून उतरवायची. डावी मांडी परत कापायची हिंमत आज नाही.

बाबांनी व्हर्नियर पुसलं, लाकडी डबीत ठेवलं आणि डबी घेऊन झोपायला गेले. मोजायचं असेल तर उठव म्हणाले.