तुम्ही विचारलंत म्हणून: साडेसात हजारांना पाठिंबा, मग ‘पण’ कशाला?

सोलापुरात पूर्व भागात, म्हणजे तेलुगूभाषक विडी-यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, पेन्शनचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन १,००० वरून ७,५०० करा, वर महागाई भत्ता द्या, या मागणीला माझा पाठिंबा आहे. हजाराचा आकडा सप्टेंबर २०१४ चा. त्यात तेव्हाही महिना निघत नव्हता. तरी मी ‘पण’ म्हणतो, आणि म्हणणार.

आधी हिशेब, कारण तोच कुणी ऐकून घेत नाही. पीएफला जाणाऱ्या कामगाराच्या वाट्यातला एक पैसाही पेन्शनला जात नाही. मालकाच्या वाट्यातून पगाराचे ८.३३ टक्के जातात, सरकार १.१६ घालतं, तेही १५,००० च्या पगारमर्यादेपर्यंतच. मग शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सरासरी ६,०००, सेवा १२ वर्षं: १,०२९ रुपये. पूर्ण १५,००० वर ३५ वर्षं भरली आणि वीस वर्षं भरल्यावर मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तरी ७,९२९. एवढी वर्षं तर अजून कुणाची झालेलीच नाहीत, योजनाच नोव्हेंबर १९९५ ची. म्हणजे ७,५०० या फंडातून निघणार नाहीत, सरकारला तिजोरीतूनच द्यावे लागतील. हजार पुरे करायला देतंच ना? मग पुढे का नको?

पण वाढ मिळणार कुणाला? ज्याच्या हातात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आहे त्याला.

विडी वळणाऱ्या बाईचं काय होतं बघा. ब्रँच, म्हणजे विड्या जमा करायचं कारखान्याचं केंद्र, बंद पडते, ती दुसऱ्या कारखान्यात जाते, तिथे नवा पीएफ नंबर. जुने पैसे अडकलेत म्हणून कुणीतरी फॉर्म भरून देतो: पीएफसाठी १९ आणि सोबत पेन्शनच्या हिश्श्यासाठी १०सी. लेकीचं लग्न तोंडावर असतं, रक्कम हातात पडते, सगळे खूश. पण १०सी वर पैसे घेतले की पेन्शनची सेवा पुसली जाते. जुन्या ठिकाणची सात वर्षं गेली. नव्या ठिकाणी एकपासून मोजणी, तिथे आठ भरली. पंधरा वर्षं विड्या वळल्या आणि पेन्शन नाही, कारण दहा वर्षं लागतात. त्याच १०सी वर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा पुढे जोडून घेण्याचा दाखला, मागितलं असतं, तर सात आणि आठ जुळली असती. पीएफ काढूनही ते घेता येतं. एकूण सेवा साडेनऊ वर्षं झाली तरी दहा धरतात. फॉर्म भरून देणारा यातलं काही सांगत नाही.

ज्यांची वर्षं भरली, त्यांचं नाव अडतं. कारखान्याच्या लॉगबुकात, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, नरसम्मा, आधारवर नरसव्वा. दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर बहुधा मालकाची सही मागतात आणि मालक केव्हाच धंदा गुंडाळून गेलेला. हयातीच्या दाखल्याला झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही. तो दाखला आता मोबाइलवर चेहऱ्यानेही होतो, हे निदान शेजारणीला सांगा.

आधी नोंदी नीट करा, मग आकडा मागा, असं मी पूर्वी म्हणायचो. आज सत्तरीतल्या माणसाला थांब म्हणवत नाही. मोर्चात जरूर चला. फक्त मागण्यांच्या कागदावर ७,५०० च्या खाली एक ओळ घाला: १०सी वर पैसे देण्याआधी स्कीम सर्टिफिकेटचा पर्याय मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवावा. ती ओळ आली की मी ‘पण’ म्हणायचं सोडेन का, ते मलाही आज सांगता येत नाही.