बाईसाहेब टबात कलल्या

२५ वर्षांनी पुन्हा मॉडेल बोट करायला घेतली, आणि हौस अशी की थेट पॅडल स्टीमर, म्हणजे बाजूच्या चाकांनी पाणी कापत जाणारी बोट! आज टबात सोडली तर बाईसाहेब हळूच डावीकडे कलल्या. सरळ करून उजवीकडे ढकललं, तर तिकडे कलून बसल्या. म्हणजे वजन एका बाजूला नाही, डोक्यावर जास्त झालंय.

चूक माझीच. धुराडं पितळी नळीचं, वरचा डेक जाड प्लायवूडचा, कठडेही धातूचे. दिसायला झकास! पण वजन मापाच्या घनात घटतं, म्हणजे लांबी ४८ पट कमी केली की वजन ४८ × ४८ × ४८ पट कमी. २०० टनांचं जहाज १:४८ मापात केलं, तर सगळं मिळून जेमतेम १.८ किलो. मोटर, बॅटरी, शिसं, सगळं त्यातच बसवायचं.

त्यात चाकांच्या बोटीला कलणं फारच नडतं. एक चाक खोल बुडतं, दुसरं पाण्याला कसंबसं शिवतं, आणि बोट सरळ जायचं नाव घेत नाही. (१८४५ साली ‘रॅटलर’ या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या जहाजाने ‘अलेक्टो’ या चाकाच्या जहाजाला चक्क मागे ओढत नेलं होतं. तरी चाकांचा नाद सुटत नाही, काय करणार!)

संध्याकाळी पितळी धुराडं काढलं, कागदाची गुंडाळी करून वार्निश मारलं. बॅटरी तळाशी मधोमध नेली, शेजारी शिशाच्या पट्ट्या, तूर्तास चिकटपट्टीने. कड बोटाने दाबून सोडली. दोनदा डुलली आणि सरळ उभी!

आता डेक पातळ बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा करायचाय. कठड्यांवर मात्र जीव जडलाय, ते राहणार.